गोविंदाला विमा, गाळ उपसणाऱ्याला काय?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

महोदय,

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या कार्यालयात मान्सूनपूर्व तयारीची बैठक होते. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, कुठल्या घाटात जेसीबी उभे ठेवायचे, दरडीखालच्या वाड्या कोणत्या, सगळ्याचा हिशोब होतो. त्या हिशोबात आम्हीही असतो. गिर्यारोहक मंडळी, सर्पमित्र, पट्टीचे पोहणारे, रुग्णवाहिका चालवणारी मंडळं, श्रमदानाला धावणारे ग्रामस्थ. आमचे फोन नंबर दर वर्षी तपासून घेतले जातात. यादीतल्या जेसीबीला विमा असतो, कारण त्याशिवाय तो रस्त्यावर आणताच येत नाही. यादीतल्या माणसाला काही झालं तर काय, हे विचारण्यासाठी हे पत्र. खुलं अशासाठी की यातलं निम्मं आम्हा संस्थावाल्यांनीही ऐकायला हवं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच दिवशी खेड तालुक्यात पोसरे खुर्दवर दरड आली. चिपळूणचं पाणी ओसरल्यावर खरं काम सुरू झालं. पूर बघायला सगळे येतात, गाळ उपसायला थोडे. पण त्या वर्षी थोडे नव्हते. सातारा, कोल्हापूर, पुणे, मुंबईहून पोरं टेम्पो भरभरून आली. फावडी, घमेली, झाडू, जमलं तर गमबूट. बाजारपेठेतली दुकानं, घरांचे तळमजले, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली भिजलेली पुस्तकं. त्या चिखलात काचा होत्या, गंजके पत्रे होते, मेलेली जनावरं होती, वाहून आलेले सिलिंडर होते. आरोग्य विभाग लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे लेप्टोच्या, भीतीने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत होता. म्हणजे धोका काय आहे, हे सरकारला पुरतं ठाऊक होतं.

समजा, त्यातल्या एखाद्याचा पाय पत्र्याने कापला आणि तो दोन महिने घरी बसला. तो पूरग्रस्त नाही, त्याचं घर साताऱ्यात कोरडं आहे. तो कामगार नाही. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा मालक, नोकर आणि पगार या तीन गोष्टींवर उभा आहे, इथे तिन्ही नाहीत. तो सरकारी कर्मचारीही नाही. कायद्याच्या लेखी तो एक इसम आहे, जो आपण होऊन चिखलात उतरला.

सरकारी कागदात त्याला अजिबातच जागा नाही असं मात्र म्हणता येणार नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे केंद्राचे निकष आपल्यासमोर असतातच. आपत्तीत मरण पावलेल्याच्या वारसाला ४ लाख रुपये, आणि त्या कलमात मदतकार्यात किंवा पूर्वतयारीत गुंतलेल्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मदतीला गेलेल्याची जबाबदारी आपली, हे तत्त्व सरकारने मान्य केलं आहे. पण ते मेल्यावर. खालच्या इजेच्या कलमात हा उल्लेख नाही, आणि तिथले आकडेही बघण्यासारखे आहेत. आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर १६,००० रुपये, कमी राहावं लागलं तर ५,४००. शिवाय हे सगळं जाहीर झालेल्या आपत्तीपुरतं. एखादा पर्यटक कड्यावर अडकला, विहिरीत कुणी पडलं, तर दोर घेऊन उतरणारा माणूस या कलमात बसत नाही.

आमच्यासारख्या संस्थांकडे यावर आजवर एकच उपाय आहे, झोळी फिरवणं. वनराई बंधाऱ्याच्या श्रमदानात आमच्यातला एक जण ओल्या कातळावरून घसरला, मांडीचं हाड मोडलं. महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रिया झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण माणूस रिक्षावाला. पाय प्लास्टरमध्ये असताना रिक्षा दारात उभी, आणि रिक्षाचा हप्ता काही थांबला नाही. पहिल्या महिन्यात आम्ही वर्गणी काढली, लोकांनी भरभरून दिली. दुसऱ्या महिन्यात निम्मी जमली. तिसऱ्या महिन्यात मागायची आमचीच जीभ वळेना. उपचाराचा खर्च कुठून तरी निघतो, बुडालेल्या रोजीचा निघत नाही. गावातला स्वयंसेवक म्हणजे पगारी रजा असलेला माणूस, अशी एक समजूत वरच्या कार्यालयांत असते. प्रत्यक्षात तो रिक्षावाला असतो, गवंडी असतो, बागेत रोजंदारीवर जाणारी बाई असते.

यावर अधिकारी मंडळी हमखास पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेकडे बोट दाखवतात. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण, यापेक्षा स्वस्त काय असणार? योजना चांगलीच आहे, प्रत्येकाने घ्यावी. पण तिचं वर्ष ३१ मे रोजी संपतं आणि १ जूनला सुरू होतं, म्हणजे नेमकं मृगाच्या तोंडावर. त्या दिवसांत खात्यात २० रुपये नसले की हप्ता कापला जात नाही, आणि विमा गेला हे माणसाला कळतही नाही. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे कायमचे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. मोडलेल्या मांडीला शून्य. आणि एक अट तर जणू कोकणासाठीच लिहिली आहे. साप चावला किंवा झाडावरून पडला असेल तर लगेचच्या दवाखान्याची नोंद हवी. आमच्याकडे विंचू-काट्याला आधी गावातला जाणता बघतो, मग रात्रीची गाडी मिळाली तर ग्रामीण रुग्णालय. लेप्टो तर अपघातात मोडतच नाही, तो आजार. म्हणजे चिपळूणच्या गाळात ज्याची सर्वांत जास्त भीती होती, तीच या विम्याच्या बाहेर.

बाजारातून स्वतंत्र पॉलिसी घ्यायची म्हटलं तर एजंट 'जीपीए' म्हणतो, म्हणजे ग्रुप पर्सनल अॅक्सिडेंट. त्याचा पहिला प्रश्न असतो, पॉलिसी कुणाच्या नावावर? दुसरा, माणसं काय काम करतात? दोरावर उतरतात म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो. अपघात विम्याच्या अपवादांत गिर्यारोहण आणि तत्सम धोक्याची कामं सहसा असतात. जादा हप्ता भरून ती वेगळी लिहून घ्यावी लागतात.

२८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, ३१ पैकी ३० जण गेले. ती आपल्या जिल्ह्याची माणसं होती. भर पावसात, शेवाळलेल्या कड्यावरून त्यांचे मृतदेह वर आणायला एनडीआरएफच्या जवानांबरोबर महाबळेश्वर ट्रेकर्सची मुलं होती. त्यांनी त्या दिवशी जे जे केलं, ते ते साध्या पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत सापडेल. २०२३ मध्ये दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीकडे मदतीला चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. ते सेवेत होते, मागे खातं उभं होतं. त्याच पायवाटेवर बिस्किटांचे पुडे आणि पाण्याचे कॅन घेऊन चढणाऱ्या साध्या ग्रामस्थाला तसं झालं असतं, तर विमा कंपनीने एका ओळीत कळवलं असतं की हा अपघात नव्हे.

म्हणून विमा हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्याच राज्यात दोन उदाहरणं अशी आहेत की हे जमतं, आणि परवडतं.

पहिलं गोविंदांचं. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. २०२३ मध्ये ५०,००० गोविंदांचा विमा सरकारी खर्चाने उतरवला. माणशी ७५ रुपये, एकूण ३७ लाख ५० हजार. मृत्यू आला तर वारसाला १० लाख. २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखावर गेली. गोविंदाला मिळालं याचं मला दुःख नाही. थर कोसळून मणका मोडलेला तरुण ज्याने पाहिला आहे, त्याला ते ७५ रुपये जास्त वाटणार नाहीत. पण गोविंदा पथकांची संघटना आहे, ती मंत्रालयात जाऊन बसू शकते आणि उत्सव टीव्हीवर दिसतो. बंधाऱ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरणाऱ्या आजीची संघटना नाही, तिच्या कामाचं थेट प्रक्षेपणही होत नाही. हिशोबच करायचा तर, जिल्ह्यात ५,००० स्वयंसेवक धरले तरी त्या दराने ३ लाख ७५ हजार लागतील. उत्सवाच्या काही दिवसांऐवजी वर्षभराचं आणि अधिक धोक्याचं संरक्षण म्हटलं की दर वाढेल, हे मान्य. दुप्पट धरा, चौपट धरा. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात ही रक्कम शोधायला भिंग लागेल.

दुसरं उदाहरण मुंबईच्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाचं. त्यांच्या गणपतीच्या विम्याची बातमी दर वर्षी येते आणि मथळ्यात सोनं असतं. २०२४ चा विमा ४०० कोटी ५८ लाखांचा होता. बातमी नीट वाचली तर दिसतं की सोन्या-चांदीचा वाटा ४३ कोटी १५ लाख, आणि तब्बल ३२५ कोटी हे स्वयंसेवक, पुजारी, आचारी, सुरक्षारक्षक, चपला सांभाळणारे यांच्या अपघात विम्याचे. शिवाय भाविकांना इजा झाली तर त्या जबाबदारीसाठी ३० कोटी. मूर्तीच्या अंगावरच्या सोन्यापेक्षा साडेसात पट विमा माणसांचा. त्यांच्याकडे पैसा आहे हे खरं. पण पैसा असलेली इतर मंडळं तो कशावर उडवतात, हे भिंती हादरतात तेव्हा आपल्याला कळतंच.

इथे आम्हीही आरशात बघायला हवं. मंडळाने स्वतः आखलेल्या कार्यक्रमात कार्यकर्त्याला इजा झाली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे धावण्यात अर्थ नाही. शिमग्याला होळीचं झाड खांद्यावरून आणताना, पालखी नाचवताना, मांडवीच्या किनाऱ्यावर विसर्जनाच्या लाटांत उभं राहताना जो धोका पत्करला जातो, तो आमच्या हौसेचा आणि श्रद्धेचा आहे. वर्गणीतून चार पैसे त्यासाठी काढणं आमचं काम. मंडपाला, वाजंत्रीला, सत्काराच्या शालींना पैसे असतात. विम्याचं नाव काढलं की खजिनदार म्हणतो, देव बघून घेईल.

अर्थात याची सक्ती करू नका. वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली अर्ज करावा लागतो, त्यात उद्या विम्याचा दाखला जोडा असा फतवा निघाला, तर मोठी मंडळं दाखला जोडतील आणि वाडीतली छोटी मंडळं नोंदणीच सोडून देतील. कागद वाढला की माणसं कमी होतात. जिल्ह्याची एकच मोठी पॉलिसी असेल आणि छोट्या मंडळाला माणशी ठरावीक रक्कम भरून तिच्यात शिरता येत असेल, तर लोक आपण होऊन येतील.

जपानमध्ये साधारण हेच चालतं. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर तिथे स्वयंसेवकांची लाट आली. आता आपत्तीच्या जागी जाण्याआधी स्वयंसेवक गावच्या समाजकल्याण परिषदेत नाव नोंदवतो, काहीशे येन भरतो आणि वर्षभराचा स्वयंसेवक विमा घेतो. त्यात स्वतःला झालेली इजा येते, आणि आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेही. हा दुसरा भाग आपण विसरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक जीव गेले. अशा बोटीचं वल्हं उद्या आपल्या जिल्ह्यात एखाद्या स्वयंसेवकाच्या हातात असेल, तर बुडालेल्यांच्या घरच्यांना तो काय उत्तर देणार, आणि कोर्टात त्याच्या बाजूने कोण उभं राहणार? रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १३४ अ कलमाने संरक्षण दिलं आहे. नदीतल्या मदतनीसाला तितकं स्पष्ट कलम नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

पॉलिसीधारक कोण, हा एजंटाचा पहिला प्रश्न आपणच सोडवू शकता. केवळ विमा मिळावा म्हणून जमवलेला गट विमा नियामकाला चालत नाही, माणसं आधीपासून एखाद्या समान कामासाठी एकत्र असावी लागतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे नोंदवलेले स्वयंसेवक हा असा गट ठरेल, आणि प्राधिकरण पॉलिसीधारक. एकेकट्या संस्थेला वीस-पंचवीस माणसांसाठी जो दर मिळतो, त्यापेक्षा जिल्ह्याला बरा मिळेल. सप्टेंबर २०२५ पासून माणसाने स्वतःसाठी घेतलेल्या आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी माफ झाला, गटाच्या पॉलिसीवर मात्र १८ टक्के तसाच राहिला. एकट्याने स्वतःचा जीव सांभाळला तर सूट, दहा जणांनी दुसऱ्यांचा जीव वाचवायला एकत्र विमा घेतला तर कर. हे आपल्या अखत्यारीतलं नाही, पण वर लिहिताना एक ओळ टाकता येईल.

पॉलिसीत मृत्यू आणि कायमचं अपंगत्व येतंच. आम्हाला त्याहून जास्त हवा आहे तो अंथरुणाला खिळलेल्या काळातला साप्ताहिक भत्ता. दोरकाम, बोट, साप पकडणं ही कामं नावानिशी आत लिहून घ्यावीत आणि सराव शिबिरंही धरावीत, कारण बऱ्याच इजा सरावात होतात. वयाची अट सत्तरच्या खाली आणू नये. पोरं मुंबईला गेल्यावर गावात बंधारा कोण बांधतं, हे आपण दौऱ्यांत पाहता. लेप्टो आणि हृदयविकार कंपनी घेणार नसेल, तर तेवढ्यापुरता जिल्ह्याचा छोटा निधी बाजूला काढावा.

खरी अडचण पैशाची नाही, पुराव्याची आहे. रात्री दोन वाजता पोलीस पाटलाचा फोन येतो, 'ओढ्याला पाणी आलंय, दोघं अडकलेत, या.' आम्ही निघतो. त्या हाकेची नोंद कुठेच नसते. उद्या कुणी पडलं तर कंपनी विचारणार, याला कुणी बोलावलं होतं, कशासाठी, किती वाजता? आणि कार्यालयं एकमेकांकडे बघणार. तहसीलच्या नियंत्रण कक्षात एक साधी नोंदवही ठेवा. बोलावणाऱ्याचं नाव, वेळ, ठिकाण, निघालेल्यांची नावं. व्हॉट्सअॅपवरचा संदेशही पुरावा धरला जाईल, असं पॉलिसीच्या करारातच लिहून घ्या. आणि ज्याला बोलावलं नव्हतं, पण जो शेजारी म्हणून पाण्यात उतरला, त्याच्यासाठी चोवीस तासांत तलाठ्याने किंवा सरपंचाने दिलेला दाखला चालावा. पहिला हात नेहमी न बोलावलेल्याचाच असतो.

विमा कंपन्यांबद्दल आपल्याला शंका असेल तर ती रास्त आहे. शेतकऱ्यांच्या अपघात विम्यात कंपन्यांनी इतक्या त्रुटी काढल्या की २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना बाजूला सारलं आणि गोपीनाथ मुंडे योजनेत थेट सानुग्रह अनुदान सुरू केलं. तोच रस्ता आपल्याला इथेही सोपा वाटला तर आमची हरकत नाही. कंपनी असो वा निधी, रक्कम किती, कागद कोणते आणि किती दिवसांत, हे आधी ठरलेलं असावं. जखमी माणसाच्या खाटेशेजारी बसून शासन निर्णय शोधायची पाळी कुणावर येऊ नये.

आणखी एक विचारायचं आहे, आणि याचं उत्तर आपल्या कार्यालयातच मिळेल. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत २०२१ पासून ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करायचे होते. प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि तीन वर्षांचा गट विमा. २०२२-२३ च्या तुकड्यांची ती तीन वर्षं भरली. आपल्या जिल्ह्यातल्या किती आपदा मित्रांचा विमा आज चालू आहे? त्यांचे फोन नंबर यादीत असतील, तर त्यांच्या विम्याची तारीखही त्याच यादीत शेजारी असायला हवी.

येत्या मान्सूनपूर्व बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, बैठकीला एखाद्या सरकारी विमा कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्यालाही बोलवावं, ही विनंती. नावं, वय, रक्तगट, वारसदार आणि प्रत्येकाला येणारं काम अशी आमच्या माणसांची यादी तालुकानिहाय लिहून तयार आहे. ती कुणाच्या टेबलावर द्यायची, तेवढं कळवावं.

आपला,
एका स्वयंसेवी संस्थेचा कार्यवाह
रत्नागिरी